तरोटा, तीनशे साठ रुपये

तर झालं असं, की गेल्या जुलैमध्ये माझं प्रमोशन झालं आणि टीमने पार्टी उकळली. नेमके त्याच आठवड्यात बाबा साकोलीहून पुण्याला आले होते, म्हणून त्यांनाही घेऊन गेलो. हॉटेल निवडलं टीममधल्या एका खवय्या मैत्रिणीने. ऋतूप्रमाणे बदलणारा मेन्यू, सगळ्या छोट्या छोट्या प्लेट्स, मध्ये ठेवायच्या आणि वाटून खायच्या. नाव सांगत नाही, उगाच कशाला!

हा प्रकार आता तसा नवा राहिलेला नाही. मुंबईत कमला मिल्समध्ये २०१५ साली 'द बॉम्बे कँटीन' सुरू झालं, तेव्हापासून गावाकडच्या भाज्या आणि 'छोटा प्लेट्स' यांची जोडी बऱ्याच जणांना माहीत झाली. २०१६ मध्ये महालक्ष्मीला 'मास्क' आलं. त्याच्याही आधी, २००३ मध्ये कोपनहेगनला 'नोमा' निघालं आणि आसपासच्या रानातलं, किनाऱ्यावरचं वेचून आणलेलं खाणं जगभर फॅशनमध्ये आलं. म्हणजे आपल्या आज्या जे करत होत्या तेच, फक्त बिल जास्त :)

आमच्या टेबलावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. कोल्हापूरचा मित्र म्हणाला, "ही प्लेट आहे की सॅम्पल? जाताना मिसळ खाऊया." मैत्रीण म्हणाली, "पोट भरायला येतोस का इथे? चव बघ." दिल्लीचा एकजण म्हणे, फोटो छान येतात, बाकी जाऊ दे. मी आपला दोन्ही बाजूंनी मान डोलावत होतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये करतो तशीच.

मग एक प्लेट आली. कुरकुरीत तांदळाच्या पापडावर हिरवा गोळा, वर लसणाचे तळलेले काप. वेटरने पाठ केलेलं सांगितलं, "ही पावसाळ्यातली एक विसरलेली रानभाजी आहे, सर."

बाबांनी बोटाने थोडी चाखली. "पोरा, हा तं तरोटा होय ना?" आणि मग वेटरकडे बघत, अगदी साधेपणाने, "विसरलं कोन?"

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण विसरलो होतो तो मीच. खरं तर विसरलो नव्हतो, लपवलं होतं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आई वाळवलेली लाखोळीची भाजी द्यायची, ती मी रूममेट झोपल्यावर खायचो. 'भंडाऱ्याला काय खाता रे तुम्ही?' असं कोणी विचारलं तर मी 'मटण' सांगायचो. तरोटा कधीच नाही. तो तर पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला, उकिरड्याशेजारी आपोआप उगवतो. फुकटची भाजी.

परत येताना रिक्षात बाबा बोलले. आमच्याकडे धान निघतं दिवाळीच्या सुमारास. आषाढ-श्रावणात कोठी रिकामी व्हायची. "तवा तुही आजी सकारीच तरोटा तोडून आनत जाय. भात कमी, भाजी जास्त. आमाले वाटे, आवडते म्हनून करते." मोठं झाल्यावर त्यांना कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मला वाटलं, त्यांना राग आला असेल. गरिबीची भाजी तीनशे साठ रुपयांना! विचारलं तर म्हणाले, "राग कायचा? भाजी चांगली होती. पन कमी होती." थोड्या वेळाने, "तोडणारीले त्यातले किती भेटत असन?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या दोन्ही पार्ट्यांपैकी कोणाकडेच नव्हतं. पोर्शन लहान की मोठा, चव की फोटो, यावर आम्ही दीड तास भांडलो होतो. भाजी आली कुठून, हे कोणी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलला फोन केला. "सप्लायरकडून येते सर," एवढंच कळलं.

तरी मी त्या हॉटेलला नावं ठेवणार नाही. त्या एका प्लेटमुळे बाबा बोलले, हे खरंच आहे. माझ्या टीमने तरोटा चाखला आणि मैत्रिणीने सोमवारी कँटीनमध्ये विचारलं, "तुमच्याकडे कसा करतात?" तेव्हा मी पहिल्यांदा न लाजता सांगितलं. कोवळी पानं घ्यायची, उकडून घट्ट पिळायची, म्हणजे उग्रपणा जातो. मग कांदा, भरपूर लसूण, लाल मिरची आणि भिजवलेली चणाडाळ. सोबत गरम भात.

पोळ्याला गावी गेलो तेव्हा तरोटा जून झाला होता, फुलं धरली होती. आई म्हणाली, "आता कायचा खातेस, पुढच्या वर्षी लवकर ये."

सीझनल मेन्यू म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. असो. यंदा जूनमध्येच सुट्टी टाकणार आहे.