मोटार घेताना हेड बघतो, तसंच हे : घरातला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर



एरवी या पानावर बोअर, ठिबक, डाऊनी, करपा असले विषय असतात. आज जरा वेगळा. मागच्या महिन्यात घरी गाणं ऐकायला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. काय बघून घेतला, असं दोघातिघांनी विचारलं. एकेकाला सांगण्यापेक्षा इथंच लिहितो.

आधी कारण सांगतो. आमचे आबा ८३ वर्षांचे. पन्नास वर्षं भजनात पखवाज वाजवला. आता गुडघ्यामुळं देवळात जाणं बंद. मोबाईलवर अभंग लावून दिला की दोन मिनिटांत म्हणतात, "बंद कर ते. टाळ हाय, पखवाज कुठं हाय यात?" त्यांचं खरं आहे. एवढ्याशा स्पीकरातून खालचा आवाज येतच नाही. एकादशीला घरात नीट भजन ऐकू यावं, एवढीच गरज होती.

मग व्हॉल्व्हच कशाला? उघड सांगतो, तेवढ्याच पैशात ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर कितीतरी जास्त वॅट देतो, आणि मीटर लावून मोजलं तर स्वच्छही निघतो. व्हॉल्व्ह मूळ आवाजात स्वतःची थोडी भर घालतो, बहुतेक वरच्या सप्तकातल्या त्याच सुराची. ती कानाला गोड लागते. शिवाय ताकद संपत आली की तो एकदम फाटत नाही, हळूहळू दबतो. ही आवडीची गोष्ट आहे, चांगल्या-वाईटाची नाही. आबांच्या कानाची सवयही त्याच आवाजाची. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, १९५६ ला शेतकऱ्यांसाठी रेडिओ ग्रामीण मंच निघाले, तेव्हा गावोगावचे रेडिओ व्हॉल्व्हचेच होते. चालू केल्यावर तापायला अर्धा मिनिट लागायचा, मग आवाज यायचा.

आता निवडीकडं येतो. पहिली गोष्ट, अ‍ॅम्प्लिफायर आधी बघू नका, स्पीकर आधी ठरवा. आपण मोटार घेताना नुसतं एचपी विचारत नाही. पाणी किती फुटावर, पाईप किती इंची, उचल किती, हे बघून एचपी ठरवतो. स्पीकरचं तसंच आहे. त्याच्या कागदावर डेसिबलचा आकडा असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज येतो, तो हा आकडा. या आकड्यात ३ चा फरक म्हणजे निम्मी किंवा दुप्पट ताकद, १० चा फरक म्हणजे दहापट. ८५ डेसिबलच्या स्पीकरला जिथं ५० वॅट लागतात, तिथं ९५ वाल्याला ५ वॅट पुरतात. व्हॉल्व्हमध्ये प्रत्येक वॅट महाग पडतो, म्हणून हा हिशेब आधी. मी ९२ डेसिबलचे, ८ ओहमचे जुने स्पीकर घेतले. १४ बाय १२ ची खोली आहे, त्याला १०-१२ वॅट भरपूर.

दुसरं, व्हॉल्व्ह कोणता. घरच्या वापरात ईएल ८४ आणि ईएल ३४ ही नावं जास्त ऐकू येतील. ईएल ८४ बारका. बाजूला एकेकटा लावला तर ५ वॅटच्या आसपास देतो. दोन जोडीनं लावले, ज्याला पुश-पुल म्हणतात, तर १० ते १५. ईएल ३४ ची जोडी ३० च्या पुढं जाते, पण वीज आणि उष्णताही तशीच. ईएल ८४ चा नुसता फिलामेंट पावणेपाच वॅट खातो, ईएल ३४ चा साडेनऊ. आवाज लहान असो की मोठा, वापर जवळपास तेवढाच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात ही उष्णता जाणवते. व्हॉल्व्ह अजून रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात, त्यामुळं चालू नंबरचे मिळतात. जुन्या, बंद पडलेल्या नंबरावर बांधलेला सेट स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. स्पेअर पार्ट न मिळणारा ट्रॅक्टर आपण घेतो का?

विचारायचा एक प्रश्न, बायस कसा आहे? काही सेटमध्ये व्हॉल्व्ह बदलला की मीटर लावून सेटिंग करावं लागतं. सेल्फ बायसवाल्यात ती कटकट नाही. मेकॅनिक ६० किलोमीटरवर असेल तर सेल्फ बायसच घ्या.

तिसरं, ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हला समोर हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणजे गिअरबॉक्स समजा. इंजिन कितीही चांगलं असू द्या, गिअरबॉक्स हलका असेल तर नांगर ओढणार नाही. खालचा आवाज, पखवाजाची थाप, इथंच येते किंवा जाते. म्हणून सेट हातात उचलून बघा. चांगला सेट जड लागतो. वायंडिंगवाल्याला सोबत नेलं तर उत्तम, तांबं आणि पत्ती त्याला कळते.

चौथं आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, व्होल्टेज. आमचं घर मळ्यात आहे. रात्रपाळीची थ्री फेज आली, डीपीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरात १८० दिसतात. मोटारी बंद झाल्या की २६०. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात. २३० ला ६.३ मिळत असतील तर १८० ला ४.९ आणि २६० ला ७.१ मिळणार. दहा टक्के खाली-वर चालतं, हे त्याच्या बाहेर आहे. कमी पडलं तर आतला कॅथोड नीट तापत नाही आणि खराब होतो, जास्त झालं तर व्हॉल्व्ह लवकर जातो. म्हणून स्टॅबिलायझरचे पैसे अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीत धरूनच बजेट करा. इन्व्हर्टरवर लावणार असाल तर साइन वेव्हचाच हवा. साध्या इन्व्हर्टरवर घूंऽ असा आवाज येतो आणि ट्रान्सफॉर्मरही तापतो.

आता धोक्याचं. आत अडीचशे ते चारशे व्होल्ट डीसी असतात. पिन काढली तरी कपॅसिटरमध्ये करंट राहतो. झाकण स्वतः उघडू नका. अर्थिंग खरं हवं, नुसतं तीन पिनचं सॉकेट नको. व्हॉल्व्हवर जाळी हवी. आपल्याकडं पोरं आहेत, मांजर आहे, उबेला येणाऱ्या पाली आहेत. आणि स्पीकरची वायर जोडल्याशिवाय सेट कधी चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

शेवटी ऐकून बघणं. जिल्ह्याच्या गावाला सेट बांधणारा एक कारागीर आहे. आबांना जीपमधून तिथं नेलं. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. तिन्ही सेटला हेच स्पीकर लाव आणि आवाज मीटरवर सारखा ठेव, कारण जो जरा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो. आणि कोणता सेट चालू आहे ते बोलू नको.

आबा डोळे मिटून बसले. ५ वॅटवाल्याला म्हणाले, "गळा ग्वाड हाय, पण कणीक सैल लावलीय." पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावतात, तिची थाप ढिली येतीय असं त्यांना म्हणायचं होतं. ईएल ३४ च्या मोठ्या सेटला आणि ईएल ८४ च्या जोडीच्या सेटला दोन्हीला मान हलवली. फरक विचारला तर म्हणाले, "दोन्हीत बसून वाजवता यील." मग मी जोडीचा ईएल ८४ घेतला, १२ वॅटचा. वीज १०० वॅटच्या आसपास, सेल्फ बायस, चारही व्हॉल्व्ह बाजारात मिळणारे. मोठ्या सेटचे जादा पैसे द्यायला कारण उरलं नाही.

पैसे साधारण ५ एचपीची पाणबुडी मोटार येते तेवढे गेले, स्टॅबिलायझर वेगळा. याचं उत्पन्न काय, असं थोरल्यानं विचारलं. मी काही बोललो नाही. त्याची आई म्हणाली, "दरसाल औषधाच्या दुकानात किती देतो ते विचारलंस का कधी?"

पॉवरचे व्हॉल्व्ह साधारण २००० ते ५००० तास चालतात. आम्ही रोज दीड तास लावतो, म्हणजे वर्षाला साडेपाचशे तास. निदान साडेतीन वर्षं बघायला नको. मोटारींची वेळ सोडून संध्याकाळी सातला लावतो. आबा मांडीवर उशी घेऊन बसतात आणि तिच्यावर ठेका धरतात. नातू त्यांना बोल विचारायला लागलाय.

कुणाला घ्यायचा असेल तर आधी खोलीचं माप, स्पीकरचा डेसिबलचा आकडा आणि घरातलं सकाळ-रात्रीचं व्होल्टेज लिहून काढा. मग दुकानात जा.

पुढच्या पोस्टमध्ये छाटणीनंतरचं खताचं नियोजन.

राम कृष्ण हरी.