मोडनिंबचा नांगर आणि जहाजाचा नांगर

सोलापुराहून पुण्याच्या वाटेनें निघालें म्हणजे मोहोळ मागें टाकल्यावर माढा तालुक्यांतील मोडनिंब हें गांव लागतें. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी एके काळीं वारकऱ्यांना घेऊन येथूनच पंढरपुराकडे जाई. आतां त्या जागीं रुंद रूळ आले आहेत. भोंवतालीं ज्वारीचीं व उंसाचीं शेतें. समुद्र मात्र दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. अशा गांवीं ‘नांगर’ म्हटलें कीं डोळ्यांपुढें फाळ उभा राहतो. कोंकणांतील खलाशाला तोच शब्द ऐकून लोखंडी आंकडा व सांखळी आठवते. दोन विरुद्ध कामें आपल्या भाषेनें एकाच शब्दांत गोंविलीं आहेत : एक नांगर जमीन फाडीत पुढें जावा म्हणून, तर दुसरा तींत रुतून जागचा हलूं नये म्हणून.

गंमत अशी कीं, केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनीं १९३३ सालीं पाण्यावर उतरणाऱ्या विमानांकरितां जो नांगर योजिला व जो पुढें लहान नौकांवर सर्वत्र रूढ झाला, त्याचा आकार शेतकऱ्याच्या फाळासारखाच होता. तो तळांत खोल शिरतो. परंतु वारा बळावला, सांखळी आंखूड पडली किंवा तळ फार मऊ निघाला, तर जहाजाचा नांगरही तळ नांगरीत चालूं लागतो. आणि आंतलीं माणसें झोंपेंत असतांना होडी खडकाकडे सरकते.

हें ओळखण्यासाठीं पूर्वीं कोणीतरी रात्रभर जागा राही. किनाऱ्यावरील दोन दिवे एका रेषेंत धरून त्यांवर लक्ष ठेवणें, किंवा सांखळीवर हात ठेवून तिची थरथर अजमावणें, हे त्याचे उपाय. आज तें काम संगणकाकडे देतां येतें. जीपीएसचें लहानसें उपकरण संगणकास जोडलें, कीं उघड्या आकाशाखालीं होडीचें स्थान सुमारें पांच मीटरांच्या फरकानें कळतें. ओपनसीपीएन नांवाच्या, विनामूल्य मिळणाऱ्या नौकानकाशांच्या सॉफ्टवेअरमध्यें नांगराच्या जागेभोंवतीं वर्तुळ ठरवितां येतें. होडी त्याबाहेर गेली कीं घंटा वाजते.

वर्तुळाचा मध्य मात्र नांगर पडला ती जागा धरावी. कारण वारा फिरला म्हणजे होडी खुंट्याला बांधलेल्या बैलाप्रमाणें नांगराभोंवतीं फिरते. पांच मीटर पाण्यांत तीस मीटर सांखळी सोडली व होडी दहा मीटर लांब असली, तर उपकरणाचा फरक जमेस धरून पन्नास मीटरांची त्रिज्या ठीक होते. ती फार लहान घेतली, तर घंटा उगीच वाजते व त्रासलेला माणूस ती बंद करून निजतो. फार मोठी घेतली, तर घंटेपूर्वींच खडक गांठतो. रात्रभर चालणारा संगणक वीजही बरीच खातो, म्हणून बॅटरीचा हिशेब निजण्यापूर्वींच करावा.

मोडनिंबकरांस हें सर्व परकें वाटण्याचें कारण नाहीं. टेंभुर्णीच्या पुढें भीमेवर उजनीचें धरण आहे, आणि त्याचा यशवंतसागर म्हणजे या दुष्काळी मुलखांतील लहानसा समुद्रच. २१ मे २०२४ रोजीं कुगांवाहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी तेथें वादळी वाऱ्यांत उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. त्या चालत्या होडीस नांगराची घंटा वांचवूं शकली नसती, हें उघड आहे. परंतु पाणी धरणाचें असो वा समुद्राचें, वारा पूर्वसूचना देऊन येत नाहीं, एवढें त्या दिवसानें सर्वांस कळलें.

संगणक जागा राहतो खरा. पण सांखळी वाढविणें, इंजिन सुरू करणें, मुलाबाळांस सावध करणें त्याच्यानें होत नाहीं. मोठ्या कुटुंबांत रात्रीं दार वाजलें म्हणजे आवाज सर्वांनाच ऐकूं येतो, आणि दुसरा कोणी उठेल म्हणून प्रत्येकजण कूस बदलतो. होडींत तेवढी सवड नसते. म्हणून नांगर टाकल्यावर आधीं वर्तुळ आंखावें, आणि घंटा वाजतांच उठावयाचें कोणी, हेंही दिवा मालवण्यापूर्वीं ठरवावें.