रुमालाखालचा आकडा

२०१० ची दिवाळी नुकतीच संपली होती. गारखेड्यातल्या आमच्या घरी जेवणं उरकली होती, ओटा पुसायचा राहिला होता आणि मी ओले हात पदराला पुसत संगणकासमोर बसले होते. ईबे डॉट इनवर निजामाचा चांदीचा एक रुपया लिलावाला होता. चारमिनार छापाचा, कड शाबूत, सन स्पष्ट. भाव ६७५ रुपये आणि सर्वांत वरची बोली माझी. शेवटचं मिनिट सुरू झालं. तीस सेकंद. दहा. तोवर मनातल्या मनात मी तो रुपया अल्बमच्या खणात सरकवूनही टाकला होता. पान ताजं केलं तर भाव ८२५. लिलाव संपला होता आणि रुपया दुसऱ्याच कुणाचा झाला होता. त्या कुणाच्या नावातली पहिली आणि शेवटची अक्षरं तेवढी दिसत होती, मध्ये तारे.

मी ८०० भरले होते. म्हणजे पंचवीस रुपयांनी गेला! सूतगिरणी चौकातून क्रांती चौकापर्यंत रिक्षा केली तरी त्याहून जास्त पडत. आणि मी तर हजारसुद्धा दिले असते. रात्रभर तळमळत होते. चोरून नेला, हाच एक शब्द डोक्यात.

या रुपयाचा एवढा सोस का, ते सांगायला हवं. मराठवाड्यातली जुनी माणसं पैशाच्या दोन जाती सांगायची. कलदार इंग्रजांचा, हाली निजामाचा. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी हाली पुढे काही वर्षं चालत राहिला. हिशेब सात हालीला सहा कलदार. माझी आजी कुठल्याही जुन्या किमतीच्या पुढे ‘हाली’ लावल्याशिवाय बोलायची नाही. तिच्या हारात अकरा चारमिनारी रुपये होते. तो हार माझ्याकडे आला तेव्हा मी हौसेनं सराफ्यात घेऊन गेले. तिथल्या काकांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. “ताई, प्रत्येकाला कडी डागलीय. याला चांदीचा भाव मिळेल, नाण्याचा नाही.” हार मी परत आणला, पण त्या दिवसापासून कडी न डागलेला रुपया शोधायचं वेड लागलं. सराफ्यात मिळेनात, म्हणून मुलीनं ईबे दाखवलं.

त्या रात्रीनंतर तिनंच माझी शिकवणी घेतली. ती तेव्हा इंजिनिअरिंगला होती.

“आई, तू आठशे भरलेस म्हणजे आठशे बोललीस असं नाही. तू मशीनच्या कानात सांगितलंस, की आठशेपर्यंत माझ्या वतीनं बोल. समोरच्यानं साडेसहाशे सांगितले होते. म्हणून मशीन तुझ्यासाठी त्याच्या वर एकच पायरी चढलं, सहाशे पंच्याहत्तर. तुझे आठशे कुणालाच दिसले नाहीत.”

हे ऐकलं आणि मला वडील आठवले. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथला जनावरांचा बाजार मोठा. बैलाचा सौदा कसा होतो ते वडील अभिनय करून सांगायचे. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात आणि चेहऱ्यावरची माशी हलू देत नाहीत. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा फक्त दोन हातांना ठाऊक. ईबेनं केलं होतं ते हेच. प्रत्येकाच्या बोटांवर रुमाल टाकला होता आणि बोटं चाचपायला मशीन बसवलं होतं.

यात एक गंमत आहे. जिंकणारा आपल्या मनातला आकडा देत नाही. हरलेल्यांमध्ये जो सर्वांत पुढे होता त्याचा आकडा आणि वर एक पायरी, एवढंच देतो. म्हणजे किंमत दुसरा ठरवतो. असे लिलाव टपाल तिकिटांच्या संग्राहकांत फार आधीपासून चालत; १८९३ साली अमेरिकेत पत्रानं बोल्या मागवून तिकिटं अशी विकल्याची नोंद आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये त्यामागचं गणित मांडलं. बंद पाकिटातल्या बोलीत दुसऱ्या क्रमांकाचा भाव घ्यायचा असेल, तर खरा आकडा सांगण्यातच प्रत्येकाचं हित असतं. कमी सांगून काही वाचत नाही, उलट हवी ती वस्तू हातची जाऊ शकते. विक्रींना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते वारले.

मग माझं काय चुकलं होतं? मी खरा आकडा सांगितलाच नव्हता. हजार मनात होते आणि भरले आठशे. “बघू, कुणी चढलं तर वाढवू” हा भाजीबाजारातला हिशेब. अंतिम क्षणी घाव घालणारा याच सवयीवर जगतो. इंग्रजीत त्याला स्नायपर म्हणतात, लपून नेम धरणारा. तो आठवडाभर गप्प बसतो. आपल्यासारखे लोक दुसऱ्याची बोली पाहून आपला आकडा वाढवत नेतात. तो त्यांना पाहायला काही ठेवतच नाही. शेवटच्या पाच सेकंदांत त्याचा आकडा पडतो आणि उत्तर द्यायला वेळ नसतो. हे काम करून देणारे प्रोग्रामही मिळतात; माणूस झोपलेला असतो आणि प्रोग्राम घड्याळ पाहतो.

आणि ते पंचवीस रुपये? तो माझा भ्रम होता. ८२५ हा भाव माझ्या आठशेवरून आला होता, त्याच्या आकड्यावरून नाही. त्यानं नऊशे भरले असतील किंवा पाच हजार. मी हजार भरले असते तर जिंकले असते, की त्याला आणखी दोनशे रुपयांचा खड्डा पाडून हरले असते, हे रुमालाखालीच राहिलं.

शेवटच्या क्षणी घाव घालायची युक्ती इंटरनेटनं काढलेली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्ती लावून लिलाव करत. ज्योत विझायच्या आधीची शेवटची बोली जिंकायची. नौदलाच्या कारभारात असलेल्या सॅम्युएल पीप्सनं १६६२ मध्ये जहाजांचा असा लिलाव पाहिला आणि रोजनिशीत लिहून ठेवला. एक माणूस नेमका शेवटी बोलून जिंकत होता. पीप्सला त्याच्याकडून गुपित कळलं, की ज्योत विझण्याआधी धूर खाली वळतो. तो माणूस ज्योतीकडे बघतच नव्हता, धुराकडे बघत होता.

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि ॲमेझॉनचे लिलाव शेजारी ठेवून तपासले. ईबेवर घड्याळ थांबलं की संपलं. ॲमेझॉनवर मात्र अखेरीस बोली आली तर दहा मिनिटं वाढायची. शेवटच्या क्षणांतली गर्दी ईबेवर कितीतरी जास्त निघाली. ती गर्दी संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात अधिक होती, आणि हे वाचताना माझे कान टवकारले. संगणकाची किंमत कुणालाही विचारता येते. जुनी वस्तू ओळखावी लागते. जाणकारानं लवकर बोली लावली, की त्याची बोलीच दवंडी होते: इथं काहीतरी आहे, या!

२०११ च्या उन्हाळ्यात ही दवंडी न पिटण्याची पाळी माझ्यावर आली.

परभणीच्या एका माणसानं ‘निजामाचा जुना चांदीचा रुपया’ एवढंच लिहून एक नाणं लावलं होतं. फोटो धुरकट, बहुतेक अंगणात काढलेला. पण चारमिनारच्या मधल्या कमानीकडे माझं लक्ष गेलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानांच्या रुपयावर त्या दारात ‘मीम’ हे अक्षर असतं. १९११ च्या ऑगस्टमध्ये ते वारले आणि उस्मान अली खान गादीवर आले. मग दारात ‘ऐन’ आला. अगदी सुरुवातीच्या रुपयांवर हा ऐन तोकडा आहे, पुढच्यांवर पूर्ण. संग्राहक दोन्हींना वेगळं मानतात आणि तोकड्याच्या मागे असतात. फोटोतला ऐन तोकडा होता.

लिलाव संपायला पाच दिवस होते. ‘लक्ष ठेवा’ असं बटण असतं, ते दाबायचीसुद्धा मला भीती वाटली. विकणाऱ्याला “दाराचा जवळून फोटो टाकाल का?” असं विचारायचं होतं, विचारलं नाही. तसं विचारणं म्हणजे त्याच्या कानात सांगणंच होतं. या वेळी आकडा आधी ठरवला. वहीत लिहिला: ५०००. त्यावर एक रुपया नाही. नवऱ्याला दाखवला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वही परत केली.

शेवटच्या रात्री लिलाव संपायला सात मिनिटं असताना लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते, यात नवल काही नव्हतं. यूपीएसवर संगणक चालू राहिला आणि दर काही सेकंदांनी तो टीं टीं करायला लागला. घरात तेवढाच उजेड, पडद्याचा. भाव ३७५. चार मिनिटं, दोन मिनिटं. मी आकडा भरून ठेवला होता. नंतर ‘पक्की करा’ असं दुसरं बटण दाबावं लागतं आणि नेट सावकाश असेल तर तिथंच घात होतो. बारा सेकंद असताना दाबलं. पान फिरत राहिलं. यूपीएसची टीं टीं एकसलग झाली आणि पडदा काळा पडला.

लाइट बाराच्या पुढे आली. मी जिंकले होते. ४२५ रुपयांना.

आठ दिवसांनी पोस्टानं पाकीट आलं. रुपया वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पुठ्ठा लावून, दोऱ्यानं बांधलेला. सोबत वहीच्या कागदावर दोन ओळी होत्या. रुपया आजोबांचा आहे, घरात असे सहा होते, पाच आधीच मोडले, हा सांभाळा. मोडले म्हणजे सराफाकडे चांदीच्या भावानं दिले. मी भिंग घेऊन खिडकीशी गेले. ऐन तोकडाच होता. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या तेव्हा वडिलांच्या गोष्टीतला जो माणूस मला कधी दिसला नव्हता, तो दिसला. रुमालाखाली दोन हात असतात आणि बैलाचा मालक बाहेर उभा असतो.

शेतमालाच्या बाजारातही एके काळी हेच चाले. त्याला हत्ता पद्धत म्हणत. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली बोटं दाबायचे आणि शेतकऱ्याला शेवटचा भाव तेवढा ऐकू यायचा, तोही खरा की खोटा कळायला मार्ग नाही. बाजार समित्या आल्या आणि उघड लिलावाचा नियम झाला, तो याच कारणानं. आमच्या शहरातल्या जाधववाडीच्या बाजारात आज भाव ओरडून पुकारतात, मालाचा मालक शेजारी उभा असतो. मी मात्र ईबेवर पाच दिवस तोंड मिटून बसले, आणि त्या गप्प बसण्याचीच मला कमाई मिळाली होती.

परभणीला पत्र लिहिलं. तोकड्या ऐनाबद्दल सांगितलं आणि पुढे असा रुपया हाती आला तर आधी दार बघा, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. हाती येण्यासारखे पाचही वितळून गेले होते. फरकाचे पैसे मी पाठवले नाहीत. नियम मोडला नव्हता, हे स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले.

ईबे डॉट इन २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. माझा पुढचा ऑनलाइन लिलाव नाण्याचा नव्हता. २०२२ मध्ये माझा भाचा एका बँकेनं थकलेल्या कर्जापोटी सरफेसी कायद्याखाली ताब्यात घेतलेल्या फ्लॅटवर बोली लावणार होता. फ्लॅट आमच्याच गारखेडा परिसरात. वर्तमानपत्रातली ती नोटीस, ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर, राखीव किंमत, तिच्या दहा टक्के बयाणा, आणि शेवटी बारीक अक्षरात पाच-पाच मिनिटांची अमर्याद मुदतवाढ.

“आत्या, तू तर एक्स्पर्ट. शेवटच्या सेकंदाला मारू.”

“इथं शेवटचा सेकंदच नाही,” मी म्हणाले. “तू मारलास की घड्याळ पाच मिनिटं पुढे. धूर खाली वळायची सोय ठेवलेली नाही. तुझा आकडा तेवढा लिहून ठेव.”

त्यानं कागदावर लिहिला आणि उलटा करून चहाच्या कपाखाली ठेवला. वेळ संपायला दोन मिनिटं असताना समोरच्यानं पायरी चढवली. पाच मिनिटं वाढली. मग यानं. पुन्हा पाच. तासाभरात चहा तीनदा झाला. चौदाव्या वाढीला भाच्याचा आकडा ओलांडला गेला. त्याचं बोट बटणावर होतं.

“एकच पायरी, आत्या. तो आता दमलाय.”

“कागद बघ.”

त्यानं बघितला, बोट काढून घेतलं. पाच मिनिटं आम्ही दोघं ते घड्याळ उतरताना बघत होतो. फ्लॅट गेला. तो फुरंगटून म्हणाला, “तासभर उगाच भाव चढवला आपण.”

उगाच नव्हता. त्या घराचा मालक हप्ते थकून बाहेर पडला होता. चढलेली प्रत्येक पायरी त्याच्या कर्जातून वजा होणार होती, आणि कर्ज, खर्च फिटून काही उरलं तर तेही त्यालाच मिळणार होतं. आम्ही ओळखत नव्हतो त्या माणसाला. पण त्या तासाभरात रुमाल काढलेला होता आणि जिन्नस कुणाचा आहे हे मला पूर्ण वेळ आठवत होतं.

तोकड्या ऐनाचा रुपया अजून माझ्याकडे आहे. अल्बमच्या खणाखाली चिठ्ठीवर बाकीचे लोक सन आणि टांकसाळ लिहितात. माझ्या चिठ्ठीवर त्याखाली दोन आकडे आहेत, ५००० आणि ४२५. मधला फरक परभणीचा.