थांब, टिप, सरक

‘भारी जुगाड केलाय!’ ही आमच्या भागात मोठी दाद समजली जाते. माझ्या मावसभावाला ती हल्ली येताजाता मिळते आणि मला ती दर वेळी खटकते. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. मोटरसायकलची चेन तुटली, तार गुंडाळली, घरी पोचलो, विषय संपला. मावसभावाने बनवलेल्या वस्तूत त्याचे आठ महिने गेलेत. वेळ मारून न्यायला कोणी आठ महिने लावत नाही.

वस्तू दिसायला साधी आहे. मीटरभर लांबीच्या दोन गुळगुळीत सळ्या, त्यांवर बेअरिंगवर सरकणारी एक पाटी, पाटीवर फोन. खाली आटे पाडलेला रॉड आणि भंगारातल्या प्रिंटरची स्टेपर मोटर. करंट फवारणी पंपाच्या बॅटरीचा. सिनेमावाले याला स्लायडर म्हणतात. ऑनलाइन तयार मिळतो आणि घरात पहिला प्रश्न तोच आला. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, एकदाच विचारलं, “हे इकत नाय का मिळत?”

मिळतं. मग कशाला बनवायचं? हा प्रश्न मलाही होता, कारण मी हिंजवडीत ज्या कामाचा पगार घेतो त्यात दुसऱ्याने लिहिलेलं पॅकेज आणायचं आणि आपल्यात जोडायचं, हेच शहाणपण मानतात. चाक नव्याने शोधू नये म्हणतात. याचं उत्तर मला कोल्हापुरात सापडलं, शंभर वर्षांपूर्वीच्या.

बाबूराव पेंटर मूळचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म १८९०चा, घर कारागिरांचं. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, म्हणून पेंटर. १९१३मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना सिनेमाने धरलं. फाळक्यांनी कॅमेरा इंग्लंडहून आणला होता. त्यांची हिंमत काही कमी नव्हती. कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं काम घरातच चालायचं आणि सरस्वतीबाई अंधारात बसून ते करायच्या. पण कॅमेरा विकतचा होता. पेंटर बंधूंनी तो स्वतः जुळवायला घेतला आणि एकीकडे सिनेमे दाखवायचा धंदाही करून पाहिला. १९१६मध्ये आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले, म्हणजे पुढे ‘प्रभात’मध्ये ‘संत तुकाराम’ करणारे, सोबतीला होते. १९१८च्या सुमाराला कॅमेरा चालला. १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

आपण ही गोष्ट एका दमात सांगून मोकळे होतो. मी एका रात्री कागद घेऊन बसलो आणि आकडे मांडले. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग धावत नाही. एक हुक कडेच्या भोकात शिरतो, फिल्म चार भोकं खाली ओढतो, बाहेर येतो. फिल्म थांबते, शटर उघडतं, चित्र टिपलं जातं, शटर मिटतं, पुन्हा हुक. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचं, हाताने हँडल फिरवून. आता चित्राची रुंदी धरा २४ मिलिमीटर आणि पडदा सहा मीटर. म्हणजे २५० पट. हुक मिलिमीटरच्या दहाव्या भागाने चुकला, तर पडद्यावरची द्रौपदी अडीच सेंटिमीटर थरथरणार. तेही प्रत्येक चित्राला वेगवेगळी. हे काम घरच्या कारखान्यात जमवायचं होतं. याला जुगाड म्हणायची माझी तरी जीभ वळत नाही.

आणि आनंदरावांनी तो चालणारा कॅमेरा पाहिलाच नाही. हाताने बनवण्याचं कौतुक करताना ही किंमत आपण पटकन वगळतो. वर्षं जातात. विकत आणला असता, तर त्या दोघांचा एकत्र सिनेमा झाला असता, असंही कोणी म्हणेल आणि त्याला खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

मावसभावाचे आठ महिने मात्र कशात गेले ते मला माहीत आहे. त्याची शेती नारायणगावहून खोडदकडे जाताना लागते. बांधावर उभं राहिलं की जीएमआरटीच्या तबकड्या दिसतात, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. एवढ्या मोठ्या तबकड्या ठोस पत्र्याच्या केल्या असत्या तर वारा आणि खर्च दोन्ही झेपले नसते. गोविंद स्वरूप यांनी पोलादी दोऱ्यांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. वारा आरपार जातो, रेडिओलहरी परततात. मावसभावाची पहिली मोटर वायपरची होती आणि तिच्या ब्रशमधून ठिणग्या उडायच्या. ‘दादा, दुर्बिणीला आपला खडखडाट ऐकू जात असंल का रे,’ असं तो विचारायचा. दूरच्या दीर्घिकेऐवजी मारुती ८००चा वायपर!

त्याला फिल्म करायची होती रात्रीच्या पाण्यावर. आठवड्यातले काही दिवस थ्री-फेज लाइट रात्रीच येते. तेव्हा माणूस उठतो, बॅटरी घेतो, उसाच्या कडेने मोटरीपर्यंत जातो. जुन्नर-आंबेगावात त्या उसात काय असतं ते सांगायला नको. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात आहे. काका एका हातात काठी धरतात आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतात.

हे शूट करायला कॅमेरामन रात्री उसाशेजारी बसवता येत नाही. म्हणजे यंत्र एकटं राहिलं पाहिजे, दोन तास चाललं पाहिजे, दव सोसलं पाहिजे आणि आवाज करता कामा नये. शिवाय अंधारात फोनला एका चित्राला आठ सेकंद उजेड प्यावा लागतो आणि त्या आठ सेकंदांत पाटी हलली तर सगळं पुसट. आमचा वायपर नेमका थांबायचाच नाही. करंट तोडला तरी मिलिमीटर-दीड मिलिमीटर घरंगळायचा. म्हणून स्टेपर. त्याच्या एका फेरीचे २०० ठरलेले टप्पे असतात, सांगाल त्या टप्प्यावर तो गच्च उभा राहतो.

कोड मी लिहिला, चाळीसेक ओळी. सरक दोन मिलिमीटर, थांब, हादरा बसू दे, टिप. दर पंधरा सेकंदांनी एक चित्र, दोन तासांत ४८०, म्हणजे पडद्यावर वीस सेकंद. लिहून झाल्यावर लक्षात आलं की हे तर बाबूरावांच्या हुकाचंच काम आहे. तिथे फिल्म थांबायची, इथे अख्खा कॅमेरा थांबतो. काकांच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळालं, निदान मला. दुकानातल्या स्लायडरला माणसाच्या डोळ्यासमोर, चांगल्या उजेडात, गुळगुळीत सरकायचं असतं. मावसभावाला हवी असलेली चौकट आधी ठरली होती आणि यंत्र तिच्या मापाने निघालं. सळ्या तीन वेळा बदलल्या. लेथवाला शेवटी पैसे घ्यायला लाजू लागला.

तिसऱ्या रात्री पूर्ण ४८० चित्रं मिळाली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर लावली. आठ सेकंदांच्या उघडीपीत चालता माणूस उमटत नाही, फक्त त्याची बॅटरी उमटते. काळ्या उसाच्या कडेने पिवळी रेघ निघते, मोटरीच्या खोलीपर्यंत जाते, तिथे उजेड फुलतो, रेघ परत येते. काका कुठेच नाहीत. फार सुंदर होतं ते.

परतीची रेघ मध्येच थांबली होती. सलग तीन चित्रं एकाच जागी ठिपका. मावसभाऊ फोकसबद्दल बोलत होता. मावशीने त्याला गप्प केलं आणि मागे घ्यायला लावलं.

“ह्या जागी काय झालं?” तिने काकांना विचारलं.

“काय नाय. गाणं बंद करून ऐकत व्हतो.”

तीन चित्रं म्हणजे पाऊण मिनिट. मी हिशोब मोठ्याने केला नाही, पण मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली, सेकंदकाटा तेवढा फिरेपर्यंत.

पुढच्या रात्रपाळीपासून मावसभाऊ काकांबरोबर मोटरीवर जातो. त्यामुळे आता चित्रात दोन रेघा येतात आणि त्याचं सगळं एडिटिंग बिघडलंय. ओसरीवरून वायर ओढून घेतलीय. स्लायडर सुरू करायचं बटण मावशी दाबते आणि दोघं परत येईपर्यंत तिथेच बसते.