खाल्ल्या घरचे वासे

आत्याच्या माजघरातले वासे मी दोनदा मोजले. पहिल्यांदा बावीस भरले, दुसऱ्यांदा तेवीस.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस होय रे?" आत्या म्हणाली. माझं ताट अजून उचललंही नव्हतं. तिच्या मनात काही नव्हतं, पण ते बोलणं आटगाव स्टेशनवर कसारा लोकलची वाट बघेपर्यंत सोबत आलं आणि अजून गेलेलं नाही.

म्हणीचा अर्थ पोरालाही ठाऊक आहे: कृतघ्न माणूस. पण मोजायला वासेच का? भाताची कणगी मोजता आली असती, गोठ्यातली गुरं मोजता आली असती. मला वाटतं, वासे दिसतात ते आडवं झाल्यावर. जेवून हात धुतले, घरच्यांनी घोंगडी अंथरून दिली आणि पाहुणा उताणा पडला की डोळ्यांपुढे दुसरं काही राहतच नाही. म्हणजे वासे मोजणाऱ्याला त्या घराने जेवणाबरोबर विसावाही दिलेला असतो. त्या विसाव्यात पडल्या पडल्या तो हिशेब मांडतो, लाकूड सागाचं की ऐनाचं, घर कितीचं. गैर असेल तर ते इथे आहे. पण मग मी वेगळं काय करत होतो? मीही आडवाच होतो आणि लाकूडच ओळखत होतो. मला एवढंच ठाऊक होतं की पुढच्या पावसाळ्यात हे घर नसेल. तेवढ्याने माझं मोजणं निराळं ठरतं का, हे मला सांगता येत नाही.

आत्याच्या आळीला तारीख नाही. शेजारून गेलेल्या रेल्वेला आहे: गाडी कसाऱ्यापर्यंत १८६१ मध्ये पोचली आणि थळ घाट चढून इगतपुरीला १८६५ मध्ये. मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा धरणाला आहे, १८९२. आळीतली घरं मात्र ग्रामपंचायतीच्या करनोंदीत, नमुना ८ मध्ये, एकेका ओळीपुरती. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे नकाशे ड्रोनने काढतात, लोकांना घराची सनद मिळते, ते चांगलंच आहे. पण ड्रोनला वरून कौलं दिसतात. वासे बघायला कुणीतरी आत बोलवावं लागतं.

कौलांनी मला एकदा फसवलंही. परसात रचून ठेवलेल्या ढिगातलं एक मंगलोरी कौल उलटं केलं, तर पाठीवर झिजलेली इंग्रजी अक्षरं: बासेल मिशन, आणि खाली १८६५. घराचं वय सापडलं म्हणून मी हरखलो. नंतर कळलं, ते साल कारखान्याचं. जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्या वर्षी मंगळूरला नेत्रावतीच्या काठी यंत्राने कौलं पाडायला सुरुवात केली, आणि पुढे वर्षानुवर्षं कौलांवर तेच साल उमटत राहिलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा हे कौल त्याच्या आधीचं असावं, इतकंच म्हणता येतं. तेही कौलाबद्दल. घराबद्दल काहीच नाही.

मंगलोरी कौलं येण्याआधी आळीवर नळीची कौलं होती आणि भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. नळीचं कौल वाऱ्याने सरकतं, माकडांनी फुटतं, म्हणून दर वैशाखात शाकारणी. आत्या सांगते, आज या घरावर तर उद्या त्या, सगळी आळी एकमेकांच्या छपरावर चढायची. कोणाचा वासा किडलाय, कोणाचं आढं वाकलंय, हे अख्ख्या आळीला माहीत असायचं. तेव्हा सगळेच सगळ्यांचे वासे मोजत होते आणि कुणी कुणाला कृतघ्न म्हणत नव्हतं. मंगलोरी कौल खाचेत खाच घालून बसतं, सहसा हलत नाही. घरं कोरडी राहू लागली आणि शेजारी छपरावर यायचा थांबला. यात चांगलं किती आणि वाईट किती, मला नीट तोलता येत नाही. पावसात रात्रभर टोपल्या आणि पातेली सरकवत बसलेल्या बाईला विचारलं तर ती एका शब्दात उत्तर देईल.

तेविसाव्या वाशाचा उलगडा मात्र झाला. चुलीच्या वरच्या अंगाला एक वासा तडकलेला आहे आणि त्याला आधार म्हणून दुसरा जोडून बांधलाय. खालून बघताना कधी ते दोन दिसतात, कधी एक. स्टूल घेऊन हात लावला. धुराने काळा कुळकुळीत, तासणीच्या खुणा बोटांना लागतात, आणि मधोमध एक खाच, जिचं या घरात काहीच काम नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी घराच्या तुळईसाठी पाडलेली. म्हणजे कुणाचं तरी घर उतरलं आणि त्याचा वासा इथे आला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात असं आपण म्हणतो ते आपलीच माणसं उलटतात म्हणून, दुःखाने. हा वासा फिरला तो दुसऱ्याचं छप्पर तोलायला. कोणाच्या घरचा, ते आत्यालाही आठवत नाही. ती सासरी आली तेव्हाही तो होताच.

वहीत मी तेवीस लिहिले आहेत. बावीस खोडलेले नाहीत.

घर येत्या वैशाखात उतरवायचं ठरलं आहे, वर स्लॅब पडेल. लाकडाचं काय करायचं विचारलं, तर आत्या म्हणाली, आळीत ज्याला लागतील त्याने वासे घेऊन जावेत.