पुष्पिका

आमच्या इंदूरच्या घरी देवघराच्या वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेली एक पोथी आहे. माझ्या पणजोबांनी स्वहस्ते उतरवलेले ते गुरुचरित्र. लहानपणी मला त्यातल्या कथांपेक्षा शेवटच्या पानाचे आकर्षण अधिक होते. शके १८१८, दुर्मुखनाम संवत्सरी, मार्गशीर्ष महिन्यात, मुक्काम इंदूर येथे ही प्रत पुरी केली, असे तेथे पणजोबांनी लिहिले आहे. खाली स्वतःचे आणि वडिलांचे नाव आहे. जसे समोर दिसले तसे उतरवले, शुद्ध-अशुद्ध जे असेल त्याचा दोष लिहिणाराला देऊ नये, अशी एक विनवणीही आहे. ग्रंथाच्या अखेरच्या अशा मजकुराला पुष्पिका म्हणतात, हे मला बऱ्याच उशिरा कळले. तिचे प्रयोजन काय, हे कळायला तर साठी जवळ यावी लागली. आणि ते कोणा पंडिताकडून नव्हे, तर एका कार्यालयातील छत्तीस संगणकांकडून कळले.

मीही एका अर्थी नक्कल उतरवणाराच. गेली पंचवीसएक वर्षे कार्यालयांतील संगणक लावणे, जोडणे आणि दुरुस्त करणे हा माझा चरितार्थ आहे. एखाद्या कचेरीत तीस-चाळीस नवी यंत्रे आली, की प्रत्येकावर विंडोज, मग लेखनाची आणि हिशेबाची आज्ञावली, मग प्रिंटर, मग मराठी-हिंदी टंक, असे एकेक करत बसणे शक्य नसते. म्हणून एक यंत्र सर्वांगाने सिद्ध करायचे, त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घ्यायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची. मी या धंद्यात आलो तेव्हा हे काम ‘घोस्ट’ नावाच्या आज्ञावलीने होई. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मरे हॅझार्ड यांनी ती लिहिली आणि १९९८ साली सिमँटेक कंपनीने ती विकत घेतली. आमच्या एका जुन्या कचेरीतले शिपाई मला दारात पाहिले की म्हणत, ‘आज साहब भूत चढाने आए हैं.’ पुढे क्लोनझिला ही तैवानमध्ये तयार झालेली मुक्त आज्ञावली आली आणि भूत उतरले; पण काम तेच राहिले.

२०२५ सालच्या जुलैमध्ये एका कार्यालयाने मला असेच बोलावले. विंडोज १० चा आधार त्या वर्षी १४ ऑक्टोबरला संपणार होता. जुन्या यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती. म्हणून छत्तीस नवी यंत्रे घेतली गेली. मदतीला कार्यालयानेच कंत्राटावर ठेवलेला एक तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण होता. माळव्यातल्या एका लहान गावातून आलेला, हिंदीभाषी, अबोल. त्याचे नाव येथे देत नाही. त्याला मी एकदा पुरेसा चर्चेत आणला आहे.

पहिल्या दिवशी काम मुंगीच्या पावलांनी चालले. जाळ्यातून एकाच वेळी सर्व यंत्रांना प्रतिमा पाठवण्याची जी रीत आहे, ती पंगतीसारखी असते. वाढप सर्वांना एकदमच होते. पण एकाचे पान रिकामे व्हायचे राहिले, तर पुढचा पदार्थ कोणालाच मिळत नाही. चाळीस गिगाबाइटांची प्रतिमा सात-आठ मिनिटांत उतरायला हवी होती. तिला तासाहून अधिक वेळ लागेल असे दिसू लागले. मी स्विच बदलून पाहिला, सेटिंगे उलटीपालटी केली. तो मुलगा मात्र टेबलांखाली वाकून एकेक तार तपासत गेला आणि कोपऱ्यातल्या एका यंत्राची तार घेऊन आला. तिच्या चार जोड्यांपैकी एक तुटलेली होती. चारही जोड्या शाबूत असतील तरच गिगाबिटचा वेग मिळतो. दोनच चालल्या तर यंत्र निमूटपणे त्याच्या एक-दशांश वेगावर येते. आणि ते एक मंदावले, की सारी पंगत खोळंबते. तार बदलली आणि प्रतिमा भरभर उतरू लागली. मी त्याला शाबासकी दिली. ती शाबासकी मला लवकरच विसरायची होती.

खरी चूक त्याआधीच घडून गेली होती. विंडोजमध्ये प्रत्येक यंत्राला, आपण दिलेल्या नावाशिवाय, एक आतली ओळख असते. तिला सिड म्हणतात. एस-१-५-२१ या अक्षर-अंकांनंतर तीन मोठ्या संख्या, अशी ती लांबलचक असते. यंत्रावर विंडोज प्रथम बसवताना ती निर्माण होते आणि त्या यंत्रावरील प्रत्येक खात्याच्या ओळखीचा पाया तीच असते. डिस्कची नक्कल केली, की हीसुद्धा नकलेत उतरते. म्हणून प्रतिमा घेण्यापूर्वी मूळ यंत्रावर सिसप्रेप नावाचे साधन चालवायचे असते. ते यंत्राची ओळख पुसून टाकते. मग प्रत्येक नक्कल पहिल्यांदा सुरू होताना आपली आपण नवी ओळख तयार करते.

मी सिसप्रेप चालवले नव्हते काय? चालवले होते. ते अडले. विंडोजची मांडणी तपासता आली नाही, असा निरोप देऊन ते थांबले. अशा वेळी त्याची नोंदवही उघडून पाहायची असते. बहुधा एखादे किरकोळ ॲप एकाच वापरकर्त्यापुरते बसलेले आढळते, ते काढले की वाट मोकळी होते. वीस मिनिटांचे काम. पण संध्याकाळ झाली होती, व्यवस्थापक दोनदा डोकावून गेले होते, आणि माझ्यापाशी एक सोयीची सबब तयार होती. आतली ओळख बदलून देणारे ‘न्यूसिड’ हे प्रसिद्ध साधन ज्यांनी लिहिले, त्या मार्क रुसिनोविच यांनीच २००९ साली ते मागे घेतले. एकाच जाळ्यात दोन यंत्रांचे सिड सारखे असल्याने काही बिघडते, हा निव्वळ समज आहे, असे त्यांनी तेव्हा सविस्तर लिहिले होते. त्याच लेखात पुढे, सिसप्रेप इतरही खुणा पुसते, म्हणून ते वापरणे आवश्यकच राहील, असेही होते. मी मला हवा तेवढा अर्धा भाग लक्षात ठेवला. छत्तीस यंत्रांना छत्तीस नावे हाताने दिली आणि ओळखीचा प्रश्न मिटला असे समजलो.

ऑगस्ट सुरळीत गेला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पितृपक्ष नुकताच लागला असताना, कार्यालयातून दूरध्वनी आला. हिशेब विभागाचे सामायिक फोल्डर उघडत नव्हते. यंत्र पुन्हा पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारी. अचूक दिला तरी नाकारी. दुसऱ्या दिवशी ही तक्रार पाच यंत्रांची झाली, तिसऱ्या दिवशी बहुतेकांची. काल एकमेकांकडे जा-ये करणारी यंत्रे आज एकमेकांना दारातही उभी करीनात.

पासवर्ड नाकारला जातो, त्या अर्थी कोणीतरी पासवर्ड बदलला असला पाहिजे, असे मी अनुमान केले. सर्व यंत्रांच्या किल्ल्या दोघांपाशीच होत्या, माझ्यापाशी आणि त्या मुलापाशी. मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘सर, मैंने कुछ नहीं बदला.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘अपन ने जो मशीन क्लोन नहीं की, बस वही चल रही है.’

व्यवस्थापकांचा लॅपटॉप वेगळा विकत घेतलेला होता, आणि तो खरोखरच सर्व फोल्डरे उघडत होता. मुलाने वस्तुस्थिती सांगितली होती. मला मात्र त्यात माझ्या कामावरचा शेरा ऐकू आला. तुम्ही केलेले बिघडले, तुम्ही न केलेले चालते, असा. पंचवीस वर्षांचा अनुभव अशा वेळी कानात बोळ्यासारखा बसतो. मी कार्यालयाला लेखी कळवले, की पासवर्डांत ढवळाढवळ झाल्याची शक्यता आहे आणि किल्ल्या एकाच व्यक्तीच्या हाती असाव्यात. नाव लिहिले नाही. लिहिण्याची गरजच नव्हती. सप्टेंबरअखेर त्याचे कंत्राट संपले, ते पुढे वाढवले गेले नाही.

त्यानंतरही यंत्रे तशीच रुसलेली राहिली. तेव्हा माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. ज्याच्यावर संशय होता तो गेला, आणि रोग जागच्या जागी. मी पासवर्ड नव्याने दिले, खाती पुसून पुन्हा केली, तारा बदलल्या. अखेरीस, जे पहिल्या दिवशी करायचे ते केले आणि यंत्राची आतली नोंदवही निवांत वाचली. तेथे ६१६७ क्रमांकाची एक नोंद वारंवार येत होती. यंत्राच्या ओळखीत अंशतः विसंगती आहे, अशा आशयाची. ओळख हा शब्द वाचला आणि हात थबकला. एका यंत्रावर आज्ञा देऊन त्याचा सिड पडद्यावर आणला व कागदावर लिहून घेतला. शेजारच्या यंत्राशी ताडून पाहिला. मग तिसऱ्याशी. तीन मोठ्या संख्या, अंकाला अंक जुळत होत्या. छत्तीसही यंत्रे आपण एकच असल्याचे सांगत होती.

दिवाळी उरकता उरकता मायक्रोसॉफ्टचे स्पष्टीकरणही वाचायला मिळाले. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अद्ययावत आवृत्त्यांत सुरक्षिततेसाठी सिडची तपासणी कडक करण्यात आली होती. दोन यंत्रांची आतली ओळख सारखी निघाली, तर त्यांनी परस्परांवर विश्वास ठेवायचा नाही, अशी ती योजना होती. कायमचा उपाय एकच सांगितला होता. नकला रीतसर मार्गाने, म्हणजे सिसप्रेपसह, पुन्हा करा. ज्याला सोळा वर्षे निव्वळ समज म्हणत होतो, तो एका रात्रीत नियम झाला होता. लॅपटॉप का चालत होता, तेही उलगडले. तो या छत्तिसांच्या कुळातला नव्हता. त्याची ओळख त्याची स्वतःची होती, म्हणून त्याला सगळी दारे उघडी होती. मुलाने पहिल्या दिवशी रोगाचे निदान एका वाक्यात केले होते.

त्या रात्री मी पोथी खाली काढली आणि शेवटचे पान पुन्हा वाचले. पणजोबांनी ग्रंथात आपले एक अक्षर घातले नाही. जसा होता तसा उतरवला. पण उतरवून झाल्यावर शक, महिना, गाव आणि नाव लिहिल्याशिवाय पोथी बांधली नाही. ग्रंथ तोच, प्रत मात्र ही, इंदूरची, अमक्याच्या हातची. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या दूर येऊन राहिलेल्या घराण्यांना हे वेगळे सांगायला नको. कुलदैवत, आडनाव, सणवार आणि पुरणाची रीत आपण मूळ गावाहून जशीच्या तशी आणली. पण त्याखाली इंदूर, ग्वाल्हेर वा बडोदे असे स्वतःचे मुक्कामाचे गाव लिहिले. ते लिहिले नसते, तर आपण मूळ गावचेही राहिलो नसतो आणि येथलेही झालो नसतो. मी छत्तीस प्रती उतरवल्या आणि एकीलाही पुष्पिका लिहू दिली नाही. बाहेरून नावे चिकटवली तेवढीच.

पुढचे काम दोन रविवारांत झाले. मूळ यंत्रावरचे अडणारे ॲप शोधून काढले. ते खरोखरच वीस मिनिटांत सापडले. सिसप्रेप निर्वेध पार पडले. ओळख पुसलेले यंत्र प्रतिमा घेण्याआधी चुकूनही पुन्हा सुरू करायचे नसते, नाहीतर ते लगेच नवी ओळख धारण करते. म्हणून त्यावर कागद चिकटवून ठेवला. छत्तीस यंत्रे पुन्हा उतरवली. प्रत्येकाचा सिड वेगळा आल्याचे स्वतः पाहिले. सोमवारी फोल्डरे पूर्ववत उघडली.

कार्यालयाला मी दुसरे पत्र लिहिले. दोष माझा होता, पासवर्ड कोणीही बदलले नव्हते, आणि पहिले पत्र मागे घेत आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले. व्यवस्थापक सज्जन, ‘अब छोड़िए साहब, काम तो हो गया,’ म्हणाले. कंत्राटाच्या जागी तोवर दुसरा मुलगा आला होता. पत्राने यंत्रे सुधारत नाहीत आणि गेलेली नोकरीही परत येत नाही.

त्याला दूरध्वनी करायला मला आणखी चार दिवस लागले. क्रमांक काढायचो आणि फोन खाली ठेवायचो. अखेर केला. देवासला एका दुकानात दुरुस्तीचे काम त्याला मिळाले होते, पगार थोडा कमी. मी जे घडले ते सगळे सांगितले. तू म्हणालास तेच खरे होते, मी ऐकले नाही, असे सांगितले. माफी मागितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मागे कोणीतरी गिऱ्हाइकाशी घासाघीस करीत होते. मग तो म्हणाला, ‘सर, इस बार सिसप्रेप किया न?’ मी हो म्हणालो. ‘ठीक है सर,’ इतकेच बोलून त्याने फोन ठेवला. त्याने क्षमा केली की नाही, हे मला सांगता येणार नाही. विचारण्याचा अधिकारही मला नाही.

आता मी एक जाडजूड वही जवळ बाळगतो. ज्या यंत्रावर प्रतिमा उतरवतो, त्याची त्यात एक ओळ असते. कोणत्या मुळावरून, कोणत्या दिवशी, कोणत्या कार्यालयात, कोणाच्या हाताने, आणि शेवटी त्या यंत्राचा स्वतःचा सिड. पहिल्या छत्तीस ओळी त्याच कार्यालयाच्या आहेत. जुलैतल्या पहिल्या खेपेची नोंद मात्र मागाहून, पहिल्या पानावर, वेगळी केली. त्या नोंदीत तुटलेली तार कोणी शोधली ते लिहिले आहे आणि चूक कोणाची होती तेही. खाली पणजोबांसारखी एखादी ओळ लिहावी असे मनात आले होते. जसे पाहिले तसे उतरवले, दोष मला देऊ नये, असे त्यांना लिहिता आले, कारण त्यांच्यापुढची पोथी दुसऱ्याची होती. माझ्यापुढचे मूळ यंत्र मीच सिद्ध केले होते. तेवढी एक ओळ मी वहीत कोरी सोडली आहे.