मार्का पुसला की पट्टी चुकते

देवगडात आंब्याची पेटी गाडीत चढण्याआधी तिच्यावर मार्का पडतो. माझे वडील पत्र्याचा साचा पेटीच्या फळीवर धरायचे आणि काळ्या रंगाचा ब्रश त्यावरून फिरवायचे. पेटी वाशीला गेली की काही दिवसांनी दलालाची पट्टी यायची. कोणत्या पेटीला काय भाव मिळाला आणि भाडं, हमाली वजा जाता हातात काय उरलं, सगळं त्यात. एका वर्षी अवकाळी पावसात मार्का धुतला गेला आणि आमच्या चार पेट्या दुसऱ्याच बागायतदाराच्या पट्टीत जमा झाल्या. वडील पट्टी हातात धरून एवढंच म्हणाले, "पेटयेर मार्को आमचो, मगे पट्टी दुसऱ्याच्या नावान कशी?"

आज मी इथल्या काही बागायतदारांच्या ऑनलाइन विक्रीचं तांत्रिक काम आणि कमिशनचा हिशेब बघतो. वडिलांचा तो प्रश्न दर हंगामात माझ्या टेबलावर येतो.

व्यवहार साधा आहे. डोंबिवलीची एक बाई पाककृतींचे व्हिडिओ करते. आमरस करताना ती सांगते, हापूस मी या बागेतून मागवते, आणि खाली लिंक देते. त्या लिंकच्या शेपटाला तिचा क्रमांक असतो. कोणी लिंक दाबली की गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद पडते, हे गिऱ्हाईक अमक्या क्रमांकाकडून आलं. हीच कुकी. 1994 साली नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी ती आणली आणि 1996 मध्ये अमेझॉनने अफिलिएट योजना सुरू केली. ऑर्डर झाली की आमची यंत्रणा ती नोंद वाचते आणि बाईच्या खात्यावर कमिशन चढवते.

पेटीच्या मार्क्यात आणि कुकीत एक मोठा फरक आहे. मार्का मालावर असतो. कुकी राहते गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये. त्याने फोन बदलला, ब्राउझर साफ केला, की पुरावा गेला.

दोन वर्षांपूर्वी त्या बाईचा फोन आला. "दादा, माझ्या ओळखीतल्या सात घरांनी तुमच्याकडून पेट्या घेतल्यात, मला नावं माहीत आहेत. हिशेबात एकच का?" मी एकेक ऑर्डर उघडून बसलो. एका घरातल्या सुनेने इन्स्टाग्राममध्येच लिंक उघडली होती, म्हणजे कुकी इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये पडली. दहा दिवसांनी, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, पैसे भरले तिच्या नवऱ्याने, ऑफिसच्या लॅपटॉपवरून. त्या लॅपटॉपला डोंबिवलीच्या बाईचं नावगाव काहीच ठाऊक नव्हतं. तिघांनी सरळ व्हॉट्सअॅपवर ऑर्डर दिली होती, तिथे कुकीचा संबंधच संपला. आणि दोन ऑर्डरींचं कमिशन एका कूपनच्या साइटला गेलं होतं. पैसे भरायच्या आधी गिऱ्हाइकाने सवलतीचा कोड शोधला, त्या साइटवरून पुन्हा आमच्याकडे आलं आणि शेवटची कुकी तिची पडली. आमचा नियम शेवटच्या क्लिकला पैसे देण्याचा. म्हणजे महिनाभर विश्वास कमावला एकीने आणि दारातून पेटी उचलून नेली दुसऱ्याने. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि हापूससारख्या मालाला तर तो अजिबात लागू नये.

कुकीची मुदत हा खरा कळीचा मुद्दा. अमेझॉनची मुदत साधारण 24 तासांची. तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये पडली तर पुढे 90 दिवसांपर्यंत कमिशन मिळू शकतं. चार्जर घेणाऱ्याला एक दिवस पुष्कळ झाला. हापूसचं तसं नाही. माणूस मार्चमध्ये भाव बघतो, घरात विचारतो, भाव उतरायची वाट बघतो आणि एप्रिलच्या शेवटी पाच डझनाची पेटी मागवतो. म्हणून आम्ही करारात 45 दिवस लिहिले. पण कागदावर 45 लिहून भागत नाही. आयफोनमधल्या सफारी ब्राउझरने 2019 पासून वेबपानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचं आयुष्य सात दिवसांवर आणलं, काही ठिकाणी तर एका दिवसावर, आणि 2020 मध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकी पूर्ण बंद केल्या. मुंबई-पुण्यातली आमची बरीच गिऱ्हाइकं आयफोनवाली. करार 45 दिवसांचा आणि मार्का आठवड्यात पुसलेला. गूगलनेही क्रोममधून तिसऱ्या पक्षाच्या कुकी काढायचं जाहीर केलं होतं, 2024 मध्ये तो बेत फिरवला.

सफारीवर माझा राग नाही. गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरून त्याने काय काय बघितलं ते टिपणं मलाही पटत नाही. शिवाय याच कुकीच्या जोरावर लबाड्या झाल्या आहेत. अमेरिकेत शॉन होगन नावाच्या माणसाने लोकांनी काही न दाबताच त्यांच्या ब्राउझरमध्ये ईबेच्या कुकी घुसवल्या आणि कमिशन लाटलं. रात्री गाडीतल्या सगळ्या पेट्यांवर कोणी आपला मार्का मारावा, तसं. 2014 मध्ये त्याला पाच महिन्यांची कैद झाली.

आम्ही मग व्यवस्था बदलली. नोंद आता बागायतदाराच्या स्वतःच्या सर्व्हरवर राहते. प्रत्येक शिफारस करणाऱ्याला स्वतःचा कोड दिला, तो फोनवर सांगितला तरी चालतो. कोड आणि कुकी वेगवेगळं सांगत असतील तर कोड खरा. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर आली की पहिला प्रश्न, "आमच्याबद्दल कोणाकडून कळलं?" आंब्यात साका निघून पैसे परत द्यावे लागले तर त्या पेटीचं कमिशनही परत, पण कारण कळवून. डोंबिवलीच्या बाईचे राहिलेले पैसे मागच्या तारखेने दिले.

2025 च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर आणलं, देवगडच्या नावावर दुसरीकडचा आंबा खपू नये म्हणून. फळाचं मूळ जपायला आपण एवढे झटतो. गिऱ्हाईक कोणी आणलं, त्याचं मूळही तितकंच जपायला हवं. बागायतदारांना माझी विनंती आहे, मोहोर धरायच्या आत करार नीट लिहा. मुदत किती, फोनवरच्या ऑर्डरीचं काय, दोघांनी दावा केला तर पैसे कोणाला. आणि वाचकहो, कोणाच्या सांगण्यावरून पेटी मागवलीत, तर ऑर्डर देताना त्यांचं नाव सांगा.